मार्कोनी : समुद्राला कान देणारा माणूस

थर्ड इयर संपत आलं की हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावा, विषय एकच! कुठली कंपनी येणार, पॅकेज किती देणार, अ‍ॅप्टिट्यूडमध्ये किती जण उडणार. आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं तर अजूनच अवघड. चार वर्षं अँटेना, फिल्टर आणि मॉड्युलेशन घासायचं आणि शेवटी सॉफ्टवेअर कंपनीच्या रांगेत उभं राहायचं, हे आता घरोघरी ठरूनच गेलेलं आहे. माझा त्याला विरोध नाही. पण करिअर आणि लीडरशिप हे दोन शब्द गेस्ट लेक्चर्समध्ये इतक्या वेळा कानावरून गेलेत, की एकदा एखाद्या खऱ्या माणसाच्या आयुष्यात त्यांचा अर्थ शोधून बघावा असं वाटलं. म्हणून हा लेख. माणूस आपल्या ओळखीचाच आहे, गुलिएल्मो मार्कोनी.

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी जरा सांभाळून घ्या. आमच्या शाळेत जीकेच्या पेपरला रेडिओचा शोध कोणी लावला हा हमखास एका मार्काचा प्रश्न असायचा आणि उत्तर ठरलेलं, मार्कोनी. इंजिनिअरिंगला आल्यावर कळतं की हे उत्तर इतकं सोपं नाही. लहरींचं गणित मॅक्सवेलचं, त्या प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या हर्ट्‌झने, त्या ओळखायची काचेची नळी ब्रानली आणि लॉजची. मग मार्कोनीने केलं काय? माझ्या मते त्याने एक अख्खा धंदा उभा केला. जहाजावरचं इलेक्ट्रॉनिक्स ही गोष्ट त्याच्याआधी जगात नव्हती आणि त्यात नोकरी करणारा माणूसही नव्हता. त्याने यंत्र बनवलं आणि त्या यंत्रापुढे बसणारा माणूसही घडवला. त्याचं मोठेपण यात आहे आणि त्याची सगळ्यात मोठी चूकही यातच आहे.

आधी जरा त्या काळाची कल्पना करा. साल १८९५. लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालेलं जहाज किनारा दिसेनासा झाला की जगाच्या दृष्टीने नाहीसंच व्हायचं. समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या केबल होत्या, लंडनची बातमी मुंबईला काही तासांत पोचत होती, पण जहाजाला तार कशी जोडणार? दिवसा निशाणं, रात्री दिवे, अगदीच वेळ आली तर तोफ किंवा रॉकेट. समोरच्याला दिसलं तर दिसलं. मध्य समुद्रात जहाज बुडालं तर किनाऱ्यावरच्यांना ते कळायचं कधी? ठरलेल्या दिवशी बंदरात आलं नाही की!

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील जुझेप्पे जमीनदार. आई अ‍ॅनी जेमसन आयर्लंडची, प्रसिद्ध जेमसन व्हिस्कीवाल्यांच्या घराण्यातली. घरची परिस्थिती चांगली, पण पोराच्या शिक्षणाचा मात्र सगळा विस्कळीत कारभार. बरंचसं शिक्षण घरी शिक्षक ठेवून झालं आणि विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. शेजारी राहणारे ऑगस्टो रिघी हे बोलोन्या विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या ओळखीने प्रयोगशाळेत आणि लायब्ररीत त्याला वावर मिळाला. थोडक्यात, अ‍ॅडमिशन नाही पण लायब्ररी कार्ड आहे असा विद्यार्थी!

जानेवारी १८९४ मध्ये हर्ट्‌झ वारला. रिघींनी त्याच्यावर लिहिलेला लेख मार्कोनीने उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचला आणि या लहरींवरून तारेशिवाय संदेश पाठवता येईल हे त्याच्या डोक्यात बसलं. तेव्हा त्याचं वय वीस. म्हणजे बरोबर माझं आत्ताचं वय. पोंतेक्कियो गावातल्या व्हिला ग्रिफोने या घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग मांडला. एका बाजूला ठिणगी उडवणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला कोहिरर. कोहिरर म्हणजे काचेची छोटी नळी आणि तिच्यात धातूचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना चिकटतो, विजेला वाट मिळते आणि घंटी वाजते. मग नळीला हलकी टिचकी मारायची की कीस पुन्हा सुटा. आजच्या मानाने किती गावठी प्रकार! पण चालायचा.

१८९५ मध्ये त्याने प्रयोग घराबाहेर काढला आणि एक गोष्ट केली जी प्राध्यापकांनी केली नव्हती. ट्रान्समीटरची एक बाजू उंच टांगलेल्या तारेला जोडली आणि दुसरी जमिनीत पुरली. उंच अँटेना आणि अर्थिंग. काही मीटरची रेंज एकदम दोनेक किलोमीटरवर गेली. घरातली आठवण अशी सांगतात, की टेकडीच्या पलीकडे भाऊ अल्फोन्सो बंदूक घेऊन बसला होता आणि संदेश पोचल्याबरोबर त्याने बार काढला. टेकडी आडवी असतानाही संदेश गेला. मला यात विशेष वाटतं ते हे, की थिअरी सगळ्यांपाशी होती, पण हे घराबाहेर नेऊन कुणाच्या कामाला येईल का, हा प्रश्न या पदवी नसलेल्या पोराने धरून ठेवला.

१८९६ च्या सुरुवातीला आई त्याला घेऊन लंडनला आली. ही बाई नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं असं मला मनापासून वाटतं. तिच्या माहेरच्या ओळखी कामाला आल्या. भाचा हेन्री जेमसन डेव्हिस स्वतः इंजिनिअर होता, त्याने मदत केली. २ जून १८९६ ला पेटंटचा अर्ज गेला. ब्रिटिश पोस्ट खात्याचे मुख्य इंजिनिअर विल्यम प्रीस यांनी प्रयोगांना पाठिंबा दिला. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीत फ्लॅट होम बेटापासून लॅव्हरनॉकच्या किनाऱ्यापर्यंत, पाण्यावरून, संदेश पोचला. २० जुलै १८९७ ला कंपनी स्थापन झाली. डायरेक्टर साहेबांचं वय तेवीस!

खरं गिऱ्हाईक कोण हे मार्कोनीने लवकर ओळखलं. जमिनीवर तारा टाकता येतात, तिथे त्याची गरज कमी. गरज समुद्राला. डिसेंबर १८९८ मध्ये ईस्ट गुडविन या लाइटशिपवर त्याने सेट बसवला. लाइटशिप म्हणजे जिथे दीपगृह बांधता येत नाही अशा धोक्याच्या जागी नांगर टाकून कायमचं उभं केलेलं, दिवा असलेलं जहाज. तिथून साउथ फोरलंडच्या दीपगृहाशी बोलणं सुरू झालं. मार्च १८९९ मध्ये एल्बे नावाचं जहाज तिथल्या वाळूत रुतलं आणि लाइटशिपने बिनतारी संदेश पाठवून किनाऱ्यावरून मदत मागवली. पुढच्याच महिन्यात धुक्यात एक जहाज येऊन खुद्द लाइटशिपलाच धडकलं, तेव्हा तिने स्वतःसाठीही मदत मागितली. समुद्रातून हाक मारली आणि किनाऱ्याने ऐकली, असं त्याआधी होतच नव्हतं.

आता येतो करिअरचा भाग. एप्रिल १९०० मध्ये मार्कोनी इंटरनॅशनल मरीन कम्युनिकेशन ही खास जहाजांसाठीची वेगळी कंपनी निघाली. सेट विकायचाच नाही असं तिने ठरवलं. जहाज कंपनीने सेट भाड्याने घ्यायचा आणि त्याबरोबर तो चालवणारा ऑपरेटरही मार्कोनीचाच. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन तारा पाठवायचा हक्क पोस्ट खात्याचा होता, त्यातून ही पळवाट निघत होती. पण वाट कशीही निघालेली असो, तिच्यातून एक नवा पेशा जन्मला. जहाजावर राहायचं, कॅप्टनचं ऐकायचं, पण नोकरी मार्कोनी कंपनीची. १९०१ मध्ये कंपनीने इंग्लंडमधल्या फ्रिंटनला ऑपरेटर शिकवण्याची शाळा काढली. मोर्स, बॅटरी, सेट उघडून दुरुस्त करणं, सगळं शिकवायचे. बहुतेक पोरं आपल्याच वयाची. शेतात किंवा ऑफिसात मान मोडण्यापेक्षा बोटीवर लागलेलं बरं, जगही बघून होतं, असा हिशोब. आपल्याकडे कोकणात बोटीवर असलेल्या मुलाचा जो रुबाब असतो ना, तोच!

अमेरिकेतल्या मार्कोनी कंपनीत १९०६ मध्ये डेव्हिड सार्नोफ नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा ऑफिस बॉय म्हणून लागला. गरीब, परदेशातून आलेल्या कुटुंबातला. तिथेच तो ऑपरेटर झाला आणि पुढे आरसीए या अवाढव्य कंपनीचा प्रमुख झाला. नवा धंदा निघतो तेव्हा खालून वर जायचा जिना मोकळा असतो, हे यातून दिसतं.

१९०१ मध्ये मार्कोनीने सगळ्यात मोठा जुगार खेळला, अटलांटिक महासागर ओलांडायचा! इंग्लंडमधल्या पोल्धू इथे प्रचंड ट्रान्समीटर उभा राहिला. त्याचं डिझाइन मुख्यतः प्रोफेसर अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांचं. सप्टेंबरच्या वादळात अँटेनाचे खांब कोसळले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या केप कॉड इथलेही पडले. आपण असतो तर सबमिशनची तारीख पुढे ढकला म्हणून सरांच्या केबिनबाहेर उभे राहिलो असतो. मार्कोनीने पोल्धूला साधीशी अँटेना टांगली आणि स्वतः केंप आणि पॅजेट या दोन सहायकांना घेऊन, फुगे आणि पतंग सामानात टाकून, न्यूफाउंडलंडला गेला. १२ डिसेंबर १९०१ ला सोसाट्याच्या वाऱ्यात पतंगाने तार वर नेली आणि कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये त्याने मोर्समधला एस, म्हणजे तीन टिंबं, ऐकली. अंतर सुमारे ३५०० किलोमीटर. टेपवर काही उमटलेलं नव्हतं, फक्त कानाची साक्ष. म्हणून त्यावर तेव्हाही शंका घेतल्या गेल्या आणि आजही घेतल्या जातात. शिवाय श्रेय वाटताना फ्लेमिंग यांच्या वाट्याला फारच थोडं आलं आणि ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं.

या प्रयोगात आपल्या देशाचाही एक धागा आहे. त्या दिवशी वापरलेला कोहिरर किसाचा नव्हता, पाऱ्याचा होता आणि तो इटलीच्या नौदलाकडून आलेला होता. लोखंड आणि पारा वापरून केलेल्या डिटेक्टरचं वर्णन आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. १९९८ मध्ये आयईईईच्या प्रोसीडिंग्जमध्ये एक सविस्तर लेख आला आणि त्यात या उपकरणाचं मूळ बोस यांच्या कामात असल्याचं दाखवलं गेलं. बोस यांना पेटंट आणि धंदा यात रस नव्हता, मार्कोनीला फक्त त्यातच होता. दोघांपैकी मोठा कोण यावर मेसमध्ये भांडायला हरकत नाही, पण जीकेचा तो प्रश्न आता एका मार्कात बसत नाही एवढं नक्की.

शंका घेणाऱ्यांना उत्तर द्यायला मार्कोनीने पुन्हा समुद्रच निवडला. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो फिलाडेल्फिया या जहाजावर बसला आणि पोल्धूपासून लांब जाता जाता संदेश टेपवर उमटवून घेतले. त्या टेपवर जहाजाच्या कॅप्टनची साक्षीची सही घेतली. रात्री ३३०० किलोमीटरच्या पलीकडून टिंबं आली, दिवसा मात्र ११०० किलोमीटरच्या आसपास सगळं बंद. दिवस आणि रात्र यांनी रेंज बदलते हे अशा रीतीने चालत्या जहाजावर सापडलं. आज आपण आयनोस्फिअर आणि डी लेअरचं अ‍ॅब्सॉर्प्शन म्हणून पाच मार्कांना लिहितो ते हेच!

इथपर्यंत सगळं छान आहे. पण आता त्या चुकीकडे येऊ. मार्कोनी कंपनीचा नियम असा होता की, आपल्या ऑपरेटरने दुसऱ्या कंपनीच्या सेटला उत्तर द्यायचं नाही. जहाज संकटात असेल तेवढाच अपवाद. म्हणजे बघा, आपलं सिम एका कंपनीचं आणि मित्राचं दुसऱ्या, म्हणून फोनच लागणार नाही! कंपनीचं म्हणणं होतं की किनाऱ्यावरची स्टेशनं आम्ही आमच्या पैशाने बांधली, ती फुकट का वापरू द्यायची? धंद्याच्या दृष्टीने बिनतोड. पण जर्मनीसारखे देश भडकले. १९०३ मध्ये बर्लिनला परिषद झाली, १९०६ मध्ये पुन्हा झाली आणि तिथे करार झाला की किनारा आणि जहाज यांनी कुठल्याही कंपनीचा सेट असला तरी एकमेकांशी बोललं पाहिजे. संकटासाठी एसओएस हा संकेतही तिथलाच. मार्कोनीची पोरं मात्र बरीच वर्षं आपलंच सीक्यूडी वापरत राहिली. हवेत लहरी सगळ्यांच्या, पण कान मात्र कंपनीचे!

२३ जानेवारी १९०९ ला अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात रिपब्लिक आणि फ्लोरिडा ही दोन जहाजं धडकली. रिपब्लिकच्या वायरलेस केबिनचीही मोडतोड झालेली. जॅक बिन्स नावाचा ऑपरेटर कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास बॅटरीवर संदेश पाठवत राहिला, त्यामुळे बाल्टिक हे जहाज धुक्यातून शोधत शोधत पोचलं. दोन्ही जहाजांवरचे मिळून सुमारे दीड हजार लोक वाचले. त्याच वर्षी मार्कोनीला कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. जहाज कंपन्यांना पटलं की वायरलेस ही श्रीमंत प्रवाशांची चैन नाही. पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. बिन्स जागा होता म्हणून लोक वाचले. झोपला असता तर?

याचं उत्तर तीन वर्षांनी मिळालं. १४ एप्रिल १९१२ ची रात्र. टायटॅनिकवर मार्कोनी कंपनीचे दोन ऑपरेटर होते, २५ वर्षांचा जॅक फिलिप्स आणि २२ वर्षांचा हॅरॉल्ड ब्राइड. सेट ५ किलोवॅटचा, त्या काळातल्या उत्तम सेटपैकी एक. आदल्या दिवशी तो बंद पडला होता आणि या दोघांनी तासन्‌तास खपून दुरुस्त केला होता. त्यामुळे प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीग साचलेला. जवळच कॅलिफोर्नियन नावाचं जहाज बर्फामुळे थांबलं होतं. त्याच्या ऑपरेटरने, सिरिल इव्हान्सने, टायटॅनिकला बर्फाची बातमी द्यायचा प्रयत्न केला. जवळ असल्यामुळे त्याचा सिग्नल फिलिप्सच्या कानात जोरात घुसला, कामात अडथळा आला आणि फिलिप्सने त्याला गप्प बसायला सांगितलं. इव्हान्स सकाळी सातपासून एकटाच ड्यूटीवर होता. थोडा वेळ ऐकून साडेअकराच्या सुमारास त्याने सेट बंद केला आणि झोपला. काही मिनिटांतच, ११ वाजून ४० मिनिटांनी, टायटॅनिक हिमनगाला घासलं.

इव्हान्सचं वय वीस. हे वाचताना मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. सोळा तास एकट्याने हेडफोन लावून बसलेला, वर कोणी गप्प बस म्हटलेला वीस वर्षांचा मुलगा झोपला तर त्याला काय दोष द्यायचा? त्याची पाळी घ्यायला दुसरा माणूसच नव्हता, कारण तसा कायदा नव्हता आणि दुसऱ्या माणसाचा खर्च कोणाला नको होता. तिकडे कार्पेथियावरचा २१ वर्षांचा हॅरॉल्ड कॉटम झोपायच्या तयारीत होता, पण हेडफोन अजून कानावर होता. केवळ या योगायोगाने हाक ऐकली गेली. कार्पेथिया ९० किलोमीटरहून जास्त अंतर कापून पहाटे चारच्या सुमारास पोचली आणि सातशेच्या वर लोक वाचले. सुमारे दीड हजार गेले. शेवटच्या मिनिटांपर्यंत बटण दाबत राहिलेला फिलिप्स त्यातच गेला. ब्राइड वाचला, पायांना जबर इजा झालेली असतानाही कार्पेथियावर त्याने कॉटमला संदेश पाठवायला मदत केली.

मार्कोनी तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होता. वाचलेले लोक त्याचे आभार मानत होते, त्याच वेळी अमेरिकन सिनेटच्या चौकशी समितीने त्याला अवघड प्रश्न विचारले. ऑपरेटर पोरांना आपली हकीकत वर्तमानपत्राला विकता यावी म्हणून बातमी दाबून ठेवायला कंपनीच्या लोकांनी सांगितलं का? पोरांना चार पैसे मिळाले तर त्याला हरकत नव्हती, बातमी दाबायला मात्र आपण सांगितलं नाही असा मार्कोनीचा पवित्रा होता. त्यावर चर्चा बरीच झाली. पण चौकशांमधून जे बाहेर आलं ते महत्त्वाचं. अमेरिकेने १९१२ मध्येच कायदा करून मोठ्या प्रवासी जहाजांवर चोवीस तास पहारा सक्तीचा केला. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेटनी एकमेकांशी न बोलण्याचा प्रकार निकालात निघाला. जानेवारी १९१४ मध्ये सोलास हा समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. महायुद्धामुळे त्याची अंमलबजावणी रखडली, पण सतत कोणीतरी ऐकत असलं पाहिजे हे तत्त्व कायमचं राहिलं.

मार्कोनी मात्र थांबला नाही. सप्टेंबर १९१२ मध्ये मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला, तरी काम चालूच. १९१९ मध्ये त्याने एक मोठी वाफेची यॉट विकत घेतली, तिचं नाव ठेवलं एलेट्रा, आणि तीच तरंगती प्रयोगशाळा बनवली. बॉसने स्वतः समुद्रावर राहून, उलट्या सोसून, हेडफोन लावून बसायचं! १९२३ मध्ये एलेट्रावरून त्याने शॉर्ट वेव्हचे प्रयोग केले. लांब लहरी आणि अवाढव्य ट्रान्समीटर हा आपलाच वीस वर्षांचा हट्ट त्याने सोडला आणि कमी पॉवरच्या, एका दिशेला रोखलेल्या बीमकडे वळला. त्यासाठी लागणारं डिझाइन चार्ल्स फ्रँकलिन या त्याच्या इंजिनिअरचं. या बीम पद्धतीने १९२७ मध्ये इंग्लंड आणि भारत जोडले गेले. भारतातलं ट्रान्समीटर स्टेशन होतं आपल्या पुण्याजवळ खडकीला आणि रिसीव्हर दौंडला! दौंडला आपण फक्त गाडी बदलायला उतरतो, पण एके काळी लंडनचा आवाज तिथे उतरत होता.

जुलै १९३४ मध्ये इटलीतल्या सेस्त्री लेवांते इथे त्याने एक प्रात्यक्षिक केलं. एलेट्राच्या नाविकांच्या खोलीच्या खिडक्या पडद्यांनी झाकल्या आणि बाहेरचं काही न बघता, फक्त किनाऱ्यावरच्या मायक्रोवेव्ह बीकनच्या आधाराने, जहाज दोन बोयांच्या मधून नेलं. १९२२ मध्येच न्यूयॉर्कच्या भाषणात त्याने सांगितलं होतं, की दुसऱ्या जहाजावर आपटून परतणाऱ्या लहरींवरून धुक्यातही ते ओळखता येईल. रडार प्रत्यक्षात आणलं ते दुसऱ्यांनी, पण दिशा बरोबर होती.

त्याची एक बाजू झाकून ठेवू नये असं मला वाटतं. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला आणि १९३० मध्ये इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला. त्याच्या काळात ज्यू विद्वानांना अकादमीत येऊ दिलं गेलं नाही, हे खूप वर्षांनी कागदपत्रांतून पुढे आलं. जगाला एकमेकांशी बोलायला शिकवणाऱ्या माणसाने घरात मात्र काही लोकांचं ऐकायचंच नाही असं ठरवलं होतं. तंत्रज्ञान कळलं म्हणजे माणुसकी कळलीच असं होत नाही.

२० जुलै १९३७ ला रोममध्ये तो गेला, वय ६३. बरोबर चाळीस वर्षांपूर्वी याच तारखेला त्याची कंपनी निघाली होती. दुसऱ्या दिवशी जगभरातल्या रेडिओ स्टेशनांनी दोन मिनिटं प्रक्षेपण बंद ठेवलं. हवा त्याच्या आधी होती तशी शांत झाली.

आता आपल्या कामाचं. मार्कोनीने निर्माण केलेला रेडिओ ऑफिसरचा पेशा आज जवळजवळ संपलाय. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस ही उपग्रह आणि ऑटोमॅटिक अलार्मवर चालणारी पद्धत पूर्णपणे लागू झाली आणि जहाजावरचं मोर्स गेलं. बटण दाबलं की संदेश आपोआप जातो, रिसीव्हर झोपत नाही. रेडिओचं लायसन्स आता डेकवरच्या ऑफिसरकडेच असतं. मार्कोनीच्या नावाची ती जुनी कंपनीही उरली नाही, तिचा मोठा भाग २००६ मध्ये एरिक्सनकडे गेला. म्हणजे बघा, शंभर वर्षांत एक करिअर जन्माला आलं आणि संपलंही!

पण जागा रिकामी राहिली नाही. आजच्या जहाजावर रडार आहे, इलेक्ट्रॉनिक नकाशे आहेत, एआयएस आहे, सॅटेलाइट टर्मिनल आहे, इंजिनरूममध्ये सेन्सर आणि पीएलसींचं जाळं आहे. २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर हे पद आंतरराष्ट्रीय नियमांत आणलं, २०१२ पासून ते लागू झालं. आपल्या आणि इलेक्ट्रिकलच्या मुलामुलींना डीजी शिपिंगने मान्य केलेला कोर्स करून तिथे जाता येतं. समुद्र लागत असेल तर बंदरात सर्व्हिस इंजिनिअर म्हणूनही हे काम आहे. सगळ्यांनी जावं असं मी म्हणत नाही, पण प्लेसमेंटच्या यादीबाहेरही जग आहे एवढं माहीत असलेलं बरं.

लीडरशिपबद्दल मला जे मिळालं ते सांगते आणि थांबते. मार्कोनीने अँटेना सुधारली तेव्हा रेंज वाढली, कंपनी काढली तेव्हा जहाजांवर सेट गेले, शाळा काढली तेव्हा ऑपरेटर मिळाले. एवढं सगळं करूनही १४ एप्रिलच्या रात्री साखळी तुटली ती सर्किटमध्ये नाही, तर एका दमलेल्या पोराच्या केबिनमध्ये आणि दुसऱ्याला गप्प करणाऱ्या घाईत. उद्या आपण कुठलंही डिझाइन करू, हॉस्पिटलचा मॉनिटर असो, रेल्वेचा सिग्नल असो किंवा एखादं अ‍ॅप. ब्लॉक डायग्राम काढताना शेवटी एक चौकोन त्या माणसासाठी ठेवा, जो रात्री अडीच वाजता त्याच्यापुढे बसणार आहे. त्याला झोप कधी मिळणार, त्याची पाळी कोण घेणार आणि तो ओरडला तर ऐकणार कोण, हे तिघं ठरले की मगच डिझाइन पूर्ण झालं असं समजा.